सत्तावीस नंबरची मिरची

१

सोमवारी सकाळी आठ वाजता मुलुंडच्या जाळीघरात तीन वाफ्यांवरची लाल मिरची गायब झालेली दिसली, आणि साडेआठ वाजेपर्यंत रुचिराची नोकरी जवळजवळ गेलेलीच होती.

नंदाताईंना हे कळलं ते घाटकोपरच्या त्यांच्या मसाला कांडपाच्या दुकानात. मार्च सुरू झाला की नंदाताई कोणाचा फोन घेत नाहीत. दुकानाबाहेर मिरच्या-धण्यांच्या पिशव्यांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक बाईला आपला मसाला आधी हवा असतो. पण वसुधाने लागोपाठ चार वेळा फोन केला, तेव्हा त्यांनी हात पुसले आणि मशीन बंद केलं.

"ये लगेच," वसुधा म्हणाली. "आपली वाट लागली आहे."

वसुधा गावठी बियाणं जपणाऱ्या एका छोट्या संस्थेची अध्यक्ष. कॉलेजात दोघी एका बाकावर बसायच्या, त्या ओळखीवर तिने नंदाताईंना संस्थेच्या समितीत ओढलं होतं. समितीत चार जण डॉक्टरेटवाले आणि एक मिरचीवाली, असं नंदाताई स्वतःच सांगायच्या. मिरची हातात घेऊन ती कुठल्या पट्ट्यातली आणि रंगाला की तिखटाला चालेल, हे त्या न चाखता सांगत. याचा त्यांना गर्व होता आणि तो लपवण्याचा खटाटोप त्यांनी कधी केला नाही.

यंदा संस्थेने कोकणातल्या घराघरांतून मिरचीचे सत्तावीस गावठी वाण जमवले होते. पुढे नवी जात पैदा करायची तर आधी हातात काय काय वेगळेपण आहे ते नीट मोजायला हवं, म्हणून हा खटाटोप. जाळीघरात एक्क्याऐंशी वाफे, वाफ्यात पाच झाडं. प्रत्येक वाण तीन वाफ्यांत लावलेला, आणि कुठला वाण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, म्हणजे चांगली माती किंवा जास्त ऊन एकाच्याच वाट्याला यायला नको. पाट्यांवर फक्त वाफ्याचा आकडा. कुठल्या वाफ्यात कोणाची मिरची आहे ते एका नकाशात लिहिलेलं होतं.

जानेवारीत मिरचीवर बोकड्या रोग आला. पानं आवळली, शेंडे वाकडे झाले, झाडं खुरटली. सव्वीस वाण कमीजास्त आजारी पडले, काही तर लांबून निरोगीच वाटावेत इतके कमी. सत्तावीस नंबर मात्र हिरवागार उभा राहिला. त्याच्या बियाण्यासाठी राखलेली पिकली मिरची गुरुवारी नोंदणीच्या अर्जासोबत जायची होती, आणि चोराने नेमकी तीच नेली होती.

"एक्क्याऐंशीतले तीन वाफे," प्रकल्पप्रमुख सुबोध म्हणाला. "एक या टोकाला, एक मध्ये, एक पार मागे. बाकी एका झाडाला हात नाही. हे नकाशाशिवाय होत नाही, ताई. आणि नकाशा दोघांकडेच आहे. माझा दिंडोशीला घरी कपाटात आहे."

दुसरा रुचिराकडे होता. वर्षभर झाडं मोजणारी, पानं मोजणारी, फुलांना मलमलीच्या पिशव्या बांधणारी ही पोरगी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"एका बियाणे कंपनीच्या माणसाने तिला आठवड्यात तीन फोन केलेत," सुबोध पुढे म्हणाला. "मला वाईट वाटतं. पण गुरुवारी समितीपुढे पत्र ठेवावं लागेल. आणि असं पत्र घेऊन दुसरीकडे कोण घेणार हिला?"

"मी नाही नेली," रुचिरा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

नंदाताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग सुबोधकडे. "गुरुवारला तीन दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "मला पुरतील."

२

जाळीघरात नंदाताई एकट्याच गेल्या. शिकलेली माणसं सोबत असली की ती आधी समजावतात आणि मग बघू देतात, हा त्यांचा अनुभव.

सत्तावीस नंबरचा पहिला वाफा दाराजवळच होता. पाच झाडं, कमरेइतकी, तजेलदार. हिरवी फळं तशीच. मलमलीच्या पिशव्या फाडलेल्या नव्हत्या. गाठी सोडून, घड्या घालून त्या बाजूच्या तारेवर ठेवलेल्या होत्या.

मग त्यांना ती दिसली. शेंड्याजवळ एक लाल मिरची. दुसऱ्या झाडावर पण एक. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यावर पण. त्या मधल्या वाफ्याकडे गेल्या, मग मागच्या. पंधरा झाडं, पंधरा लाल मिरच्या, प्रत्येक झाडावर एक आणि तीही सगळ्यांत चांगली.

चोर घाईत असतो. राहिली तर दोन-चार मिरच्या पानांआड राहतील, त्याही किडक्या. शेंड्यावरची ठळक मिरची पंधरा वेळा विसरत नाही कोणी. ती ठेवली होती, मुद्दाम.

नंदाताईंच्या सासूबाई परसातल्या झाडाची मिरची अशीच काढायच्या. झाड पार ओरबाडायचं नाही, एक फळ त्याचं त्याच्याकडे राहू द्यायचं. असं सगळ्या घरांत नव्हतं. पण ज्या घरात होतं, तिथल्या बाईचा हात शेवटच्या फळापाशी आपोआप थांबायचा.

त्या बाहेर आल्या तेव्हा वसुधा दारातच उभी होती. "काही कळलं?"

"एवढं कळलं की हा परसातली मिरची काढणारा हात आहे, नकाशा बघून आलेला नाही," नंदाताई म्हणाल्या.

"मग तीन वाफे सापडले कसे?"

"तेच तर बघायचंय."

३

कंपनीचा माणूस केयूर मंगळवारी अंधेरीहून स्वतःच्या गाडीतून आला. दिसायला गुळगुळीत, बोलायला त्याहून.

"मॅडम, मला मिरच्या चोरून काय करायचंय?" तो म्हणाला. "आमच्या लॅबला डीएनए काढायला एक पान पुरतं. शनिवारी तुमच्याकडे कार्यक्रम होता, मी आलो होतो. पान खिशात घालून गेलो असतो तर तुम्हाला पत्तापण लागला नसता."

"मग रुचिराला तीन फोन कशाला?"

"नोकरी देत होतो. तिच्यासारखी नोंदवही ठेवणारं माणूस मिळत नाही. तिने तिन्ही वेळा नको म्हटलं." तो हसला. "आणि बियाणंच पाहिजे असतं तर सुबोध सर देणारच होते ना. त्यांच्याच घरची मिरची आहे. नोंदणी झाली की आमच्याशी करार, असं बोलणं चाललंय."

नंदाताईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मिरची सुबोधच्या घरची आहे हे त्यांना आत्ता कळत होतं. समितीच्या कागदांवर त्यांनी नेहमी फक्त आकडे पाहिले होते.

त्यांनी सरळ सुबोधला गाठलं.

"हो, सत्तावीस नंबर आमच्या आजोळचा," तो म्हणाला. "चार पिढ्या जपलाय. माझी आई अजून त्याचीच चटणी करते."

"मग आधी का नाही बोललास?"

"स्वतःची मिरची जिंकली म्हणून मिरवायचं कशाला, ताई?"

उत्तर झकास होतं. नंदाताईंना ते जरा जास्तच झकास वाटलं. गिऱ्हाईक मसाल्याचं वजन दोनदा सांगू लागलं की त्यांना काटा तपासावासा वाटे, तसं काहीसं झालं.

"तुझ्याकडच्या मिरचीचा नमुना बघू," त्या म्हणाल्या.

संस्थेची एक पद्धत होती. बियाणं देणाऱ्याकडून एक अख्खी सुकी मिरचीही घ्यायची, पाकिटात घालायची, पाकिटावर देणाऱ्याची सही किंवा अंगठा.

"तो नमुना बुरशी लागून गेला," सुबोध म्हणाला. "फेकावा लागला."

४

नमुन्यांच्या कपाटाची किल्ली रुचिराकडे होती. कपाट उघडताना तिने विचारलं, "तुम्हाला पण वाटतं का, मी नेली म्हणून?"

"वाटलं असतं तर तुझ्याकडून किल्ली मागितली नसती. बस इथे. शनिवारी काय काय झालं ते सांग."

शनिवारी बियाणं देणाऱ्यांना बोलावलं होतं. आपलं बी कसं वाढलं ते त्यांनी बघावं, मग जेवण, मग सुबोधचं भाषण. सकाळी रुचिराने सगळी फळं मोजली, तेव्हा सत्तावीस नंबर भरलेला होता. पाहुण्यांना फिरवायचं कामही तिचंच होतं. नकाशा बघायचा आणि ज्याला त्याला त्याचा वाफा दाखवायचा.

"लोक खूश झाले असतील."

"सगळे. एका मावशींनी वाफ्याबरोबर फोटो काढून घेतला." रुचिरा थबकली. "फक्त शेवंतीमावशी काही बोलल्या नाहीत. कांजूरमार्गला राहतात. यजमान गिरणीत होते. बी त्यांच्या माहेरचं, मालवणकडचं. बारा नंबर. मी म्हटलं, मावशी, ही तुमची मिरची. त्यांनी पानं उलटून बघितली, एक फळ तोडून वास घेतला, 'बरा आसा' म्हणाल्या आणि एकट्याच पुढे बघत गेल्या."

नंदाताईंनी बारा नंबरचं पाकीट काढलं. अंगठा होता. आत एक सुकी मिरची, बुटकी, देठाकडे रुंद, टोकाला एकदम बारीक, साल सुरकुतलेली.

"चल," त्या म्हणाल्या.

बारा नंबरच्या वाफ्यापाशी त्यांनी पाकिटातली मिरची रुचिराच्या तळहातावर ठेवली. समोर पाच झाडं होती, बोकड्याने आवळलेली. एकावर लांब गुळगुळीत मिरच्या, दुसऱ्यावर जाड, तिसऱ्यावर आभाळाकडे तोंड केलेल्या. हातातल्यासारखी एकही नव्हती.

"हिच्याबद्दल वहीत काय लिहिलंयस?"

रुचिराचा चेहरा उतरला. "वाणात भरपूर विविधता. बारा नंबरला सगळ्यांत जास्त गुण दिलेत मी."

"गावठी वाणात फरक असतो, पण एका घरातल्या माणसांइतका. नाक कोणावर गेलंय ते कळतं. ही पाच झाडं एकमेकांना ओळखतही नाहीत. संकरित मिरचीचं बी काढून पुन्हा पेरलं की दुसऱ्या पिढीत अशीच फाटाफूट होते. हे मी तुला सांगायचं?"

"मला माहीत होतं," रुचिरा हळू म्हणाली. "मी विविधताच शोधत होते ना. दिसली, आणि खूश झाले. पाकीट उघडून पाहिलंच नाही."

नंदाताईंनी तिला तिथेच सोडलं नाही. हाताला धरून त्यांनी तिला दाराजवळच्या वाफ्याकडे नेलं, सत्तावीस नंबरच्या. शेंड्यावरच्या लाल मिरचीशेजारी रुचिराने तळहात धरला. एक ताजी होती, एक सुकलेली. बाकी बुटका बांधा, रुंद देठ, बारीक टोक, सगळं तेच.

५

माळीकाम आणि दारावरची राखण, दोन्ही अण्णांकडे होतं. सोमवारपासून त्यांना सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, की रविवारी आत कोण आलं. अण्णा सांगत होते, कोणी नाही.

"खरंच आहे ते," नंदाताई त्यांच्याशेजारी कट्ट्यावर टेकत म्हणाल्या. "रविवारी कोणीच आलं नाही. शनिवारी भाषण चालू असताना जाळीघरात कोण होतं, अण्णा?"

अण्णांनी तंबाखू मळणं थांबवलं. "शेवंतीबाय होती."

"काय करत होत्या?"

"मिरची काढी होती. मिया इचारलंय. म्हणाली, माझीच मिरची काढतंय."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"चोरी झाली म्हणतत, मगे मी वाट बघतंय कोण चोर सापडता," अण्णा म्हणाले. "आपल्याच झाडाची काढली तर चोरी कोण म्हणता?"

नंदाताई तिथून कांजूरमार्गला गेल्या. शेवंतीबाई तिथल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होत्या. सत्तरीच्या, सडपातळ, डोळे तीक्ष्ण. गॅलरीत सुपात लाल मिरच्या वाळत होत्या. त्यांनी त्या लपवल्या नाहीत. चहा ठेवला, मगच बोलल्या.

"तुमी पोलिसांत गेलास तरी मी हयच आसंय. माझ्या आवशीन मरताना माका ह्या बी दिल्यान. मी तुमच्या सायबाक चमचाभर दिलंय, पोरांका शिकाक उपयोगी पडात म्हणान. हेका बोकड्या कधी लागणा नाय, ह्यापण तेंका सांगलंय. आणि ता चेडू माका भलतीच झाडा दाखयता, ही तुमची म्हणान. मगे मी फिरान बघितलंय. माझी दाराकडेच होती. शेजारच्या बाईक सायेब सांगी होतो, ही आमच्या घरची."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"माका कोण खरा मानतला? सायेब शिकलेलो, मी अंगठो लावणारी." त्यांनी सुपातली एक मिरची परतली. "म्हणान घेवन इलंय. सगळी नाय. झाडार ठेवची लागता ती ठेवलंय."

नंदाताईंनी कप खाली ठेवला. "बाय, तुमच्या मिरचीमुळे त्या पोरीची नोकरी जातेय. चोरी तिच्यावर घातलीय."

शेवंतीबाईंचा हात सुपावरच थांबला. हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पदराने पुसलं.

"गुरुवारी किती वाजता येव?" त्यांनी विचारलं.

६

गुरुवारी समितीपुढे सुबोधने दोन कागद ठेवले. एक रुचिराच्या बडतर्फीचं पत्र, दुसरा सत्तावीस नंबरचा अर्ज. बी मागाहून पाठवू, असं त्याने वर लिहिलं होतं.

नंदाताईंनी अर्ज उचलला आणि मोठ्याने वाचला. "अर्जदाराच्या घरी चार पिढ्यांपासून एकसारखी राखलेली मिरची. सोबत फोटो." त्यांनी टेबलावर बारा नंबरचं पाकीट रिकामं केलं. "फोटोतली मिरची आणि ही एकच आहे. सगळ्यांनी बघून घ्या. पाकिटावर अंगठा शेवंतीबाईंचा आहे."

कागद आणि मिरची हातोहात फिरली. सुबोध शांत होता. या प्रश्नाची त्याने तयारी ठेवलेली दिसत होती.

"असं असेल तर आकडे देताना पाकिटांची अदलाबदल झाली," तो म्हणाला. "बारा आणि सत्तावीस. माझीच चूक. त्यांचं बी माझ्या आकड्यात गेलं, माझं त्यांच्या."

"म्हणजे बारा नंबरच्या वाफ्यात आहे ती तुझ्या आजोळची मिरची?"

"हो. तीच असणार."

"नक्की?"

"नक्की."

"मी तिन्ही वाफे बघून आले," नंदाताई म्हणाल्या. "पंधरा झाडं आणि मिरचीचे नऊ प्रकार. चार पिढ्या एकसारखी राखलेली मिरची अशी नसते. ते बाजारच्या संकरित मिरचीचं बी आहे, शेवंतीबाईंचं बी आपल्या आकड्यात घालून तू त्यांच्या आकड्यात पेरलेलं. समितीत कोणीही जाऊन पाहावं. दुसरी गोष्ट. तुझी मिरची बारा नंबरात होती, तर शनिवारी तू सत्तावीस नंबरापुढे उभा राहून ही आमच्या घरची असं कसं सांगत होतास? फोटो काढलास, केयूरशी कराराचं बोललास. चार पिढ्यांची मिरची तुला ओळखता आली नाही? शेवंतीबाईंनी त्यांची ओळखली, एका फेरीत, नकाशाशिवाय. म्हणून तुला वाटलं की नकाशावाल्याने चोरली. डोळ्यांनी ओळखणारं कोणी असेल हे तुझ्या मनातच आलं नाही."

सुबोधने अर्ज आपल्याकडे ओढला. वसुधाने त्याला विचारलं, "आजोळी मिरची आहे तरी का रे?"

तो उठला, पाण्याची बाटली घेतली आणि निघून गेला. वसुधाने बडतर्फीचं पत्र उचलून सावकाश चार तुकडे केले, आणि रुचिराची सगळ्यांसमोर माफी मागितली.

दाराबाहेर बसलेल्या शेवंतीबाईंना आत बोलावलं. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. अर्धं बी त्यांनी घरी ठेवलं होतं आणि ते तिथेच राहणार, असं त्यांनी बसायच्या आधी सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही.

वसुधाने कोरा अर्ज घेतला. "वाणाचं नाव काय लिहायचं, मावशी?"

"मिरचेक नाव कित्याक?" शेवंतीबाई म्हणाल्या. "घरात एकच होती."

"अर्जात लागतं."

बाईंनी पुडीची घडी दाबली आणि आईचं नाव सांगितलं. "मगे आवशीचा घाला. द्वारकी." आणि लगेच, "तिचा नाव खंयच्या कागदार नाय लागूक. घर भावाच्या नावार, जमीन काकाच्या. मिरची तेवढी तिची होती."

वसुधाने लिहिलं. खाली प्रकल्पप्रमुखाच्या सहीची जागा होती. तिने पेन रुचिरापुढे केलं. "आजपासून तू बघायचंस."

रुचिराने पेन घेतलं, पण टेकवलं नाही. सोमवारपासून तिला हवं होतं ते सगळं या एका रेघेवर होतं. तिने पेनाचं टोपण लावलं.

"मावशी, चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आधी मला पंधराही झाडं दाखवा. एकेक. मागच्या वेळी मी तुम्हाला दाखवली, चुकीची दाखवली."

शेवंतीबाई उठल्या. दोघी जाळीघराकडे गेल्या, आणि अर्ज टेबलावर पाऊण तास बिनसहीचा पडून राहिला. घाटकोपरहून दुकानाचे फोन सारखे येत होते, तरी नंदाताई तोवर तिथून हलल्या नाहीत.